अल्पशा आजाराने

सकाळी वर्तमानपत्र हाती आले की आधी निधनवार्तांचा रकाना उघडणारे एक तरी माणूस प्रत्येक घरात असते. आमच्या घरात ते माणूस मी आहे. वय झाले हे एक कारण. दुसरे कारण माझ्या नोकरीतले. १९८३ पासून २०१४ पर्यंत, सलग एकतीस वर्षे, मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये काम केले. रुग्ण घरी गेला काय किंवा देवाघरी गेला काय, त्याचे केसपेपर शेवटी आमच्या टेबलावर येत. डॉक्टरांनी लिहिलेले निदान वाचायचे, आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा क्रमांक शोधायचा आणि तो कागदावर नोंदवायचा, हे आमचे काम. आम्ही त्याला 'कोडिंग' म्हणत असू. त्या सवयीने आजही निधनवार्ता वाचताना मन आपोआप क्रमांक शोधू लागते आणि तिथल्या तिथे अडखळते. 'अल्पशा आजाराने', 'दीर्घ आजाराने', 'हृदयक्रिया बंद पडून'. कसला आजार? कशामुळे बंद पडली? हृदयक्रिया तर जाणाऱ्या प्रत्येकाचीच बंद पडते.

वर्तमानपत्रात हे चालते, चालावेही. दुःख घरच्यांचे असते. किती सांगायचे ते त्यांनी ठरवावे. पण हीच झाकपाक करणारी भाषा रुग्णालयाच्या कागदावर उतरते, तेव्हा तिचे नुकसान घरापुरते राहत नाही. ती तशी उतरताना मी अनेकदा पाहिली. एकदा तर ती माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच माणसाच्या कागदावर उतरली आणि मी गप्प बसलो. आज ते सांगून टाकायचे आहे.

माझे मामा बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यात राहत. जिनिंगमध्ये कामाला होते. विडी कानावर आणि बंडल खिशात, हे त्यांचे मला आठवते तेव्हापासूनचे रूप. १९९५ च्या पावसाळ्यात त्यांना खोकला लागला तो राहिलाच. गावाकडच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात डाग दिसला. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नव्हते; पण आपल्याकडे फुफ्फुसावर डाग म्हणजे टीबी, हे समीकरण इतके पक्के, की गोळ्या सुरू झाल्या. सहा महिने मामांनी त्या इमानेइतबारे घेतल्या. वजन उतरत गेले, मग खोकल्यातून रक्त पडू लागले. तेव्हा मी त्यांना मुंबईला घेऊन आलो. दुर्बीण घालून तुकडा काढला गेला. अहवाल आला : उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या खंडातला कर्करोग, प्रकार स्क्वेमस. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती.

१९९६ च्या ऑक्टोबरात मामा गेले. शेवटचे दोन दिवस ते गावाकडच्याच एका खाजगी दवाखान्यात होते. डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा फॉर्म भरायला बसले. मामेभाऊ हात जोडून म्हणाला, "डॉक्टर, कॅन्सर लिहू नका. धाकटीचं जमत आलंय." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातला, कागदपत्रांतला माणूस. मी काहीतरी म्हणेन असे त्यांना वाटले असावे. मी खाली पाहिले. त्यांनी लिहिले, 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट'. म्हणजे हृदय थांबले आणि श्वास थांबला. म्हणजे माणूस मेला. माणूस मेला म्हणून माणूस मेला.

त्या फॉर्मची रचना वाचकांना सहसा ठाऊक नसते, म्हणून थोडे सांगतो. त्यात एकाखाली एक अशा ओळी असतात. पहिल्या ओळीत मृत्यू तत्काळ कशाने आला ते लिहायचे. त्याखाली, ते कशामुळे झाले. त्याखाली, तेही मुळात कशामुळे. विहिरीत पायऱ्या उतरावे तसे डॉक्टरांनी खाली खाली उतरत जायचे आणि तळाशी जे सापडेल ते मूळ कारण. जगभरच्या आकडेवारीत ही तळाची ओळच मोजली जाते. मामांच्या फॉर्मवर असे लिहायला हवे होते : पहिल्या ओळीत न्यूमोनिया, त्याखाली फुफ्फुसाचा कर्करोग, उजवा, वरचा खंड, स्क्वेमस. शेजारच्या रकान्यात किती महिने ते. 'हृदय आणि श्वास थांबला' हे कारण म्हणून लिहू नये, कारण ती मरण्याची रीत आहे, मरणाचे कारण नव्हे, असे डॉक्टरांना शिकवलेलेही असते. तरी अशा ओळी मी नोकरीत किती पाहिल्या, याची मोजदाद ठेवली नाही.

आता क्रमांकांविषयी. आजारांना क्रमांक द्यायची ही खटपट कोणी कारकुनांच्या हौसेखातर केलेली नाही. इंग्लंडच्या नोंदणी कार्यालयात विल्यम फार नावाचा एक डॉक्टर होता. १८३९ सालीच त्याने तक्रार केली होती, की एकाच आजाराला तीन-चार नावे आहेत आणि एकाच नावाखाली वेगवेगळे आजार दडलेले आहेत. पुढे १८९३ मध्ये पॅरिस शहराच्या सांख्यिकी विभागाचा प्रमुख जाक बर्तियाँ याने मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. १९४८ पासून ती यादी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. तिची दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली आणि अकरावी २०२२ पासून लागू झाली. माझी नोकरी नवव्या आणि दहाव्या आवृत्तीत गेली.

दहाव्या आवृत्तीत फुफ्फुसाच्या कर्करोगाचा क्रमांक 'सी ३४'. त्यापुढे टिंब आणि एक आकडा. मुख्य श्वासनलिकेला ०, वरच्या खंडाला १, मधल्याला २, खालच्याला ३. जागा लिहिलेलीच नसेल तर ९. त्या नवाने मला आयुष्यभर छळले. डॉक्टर घाईत 'सी ए लंग' एवढीच दोन अक्षरे आणि एक शब्द लिहून पुढच्या खाटेकडे जात, आणि आम्ही निमूटपणे नऊ टाकत असू. एकदा एका तरुण निवासी डॉक्टरने 'डाव्या फुफ्फुसाचा मधला खंड' असे लिहिले होते. मी कागद घेऊन त्याच्याकडे गेलो आणि म्हटले, "डॉक्टर, डाव्याला मधला खंड नसतो." उजव्या फुफ्फुसाला तीन खंड आणि डाव्याला दोनच, हे त्यानेच मला शिकवावे अशी त्याची पदवी. बिचारा लाजला, एक्स-रे काढून बसला आणि सुधारून दिले. गाठ उजवीकडे होती. कागद तसाच पुढे गेला असता तर?

चूक दर वेळी इतकी उघड नसते. स्तनाचा कर्करोग फुफ्फुसात पसरतो. कागदावर नुसते 'फुफ्फुसाचा कर्करोग' लिहिले, की स्तनाचा एक रुग्ण आकडेवारीतून गळतो आणि फुफ्फुसाचा एक वाढतो. उलटही घडते. फुफ्फुसातली गाठ मेंदूत जाते, रुग्ण फिट येऊन दाखल होतो, दोन दिवसांत जातो आणि कागदावर राहते 'ब्रेन ट्यूमर'. विडी निर्दोष सुटते. आणखी एक छळवादी चिन्ह म्हणजे प्रश्नचिन्ह. दाखल होताना निदानापुढे प्रश्नचिन्ह असणे रास्तच आहे. पण बायॉप्सीचा अहवाल बहुधा रुग्ण घरी गेल्यावर येतो, तो प्रयोगशाळेच्या खणात पडून राहतो, आणि प्रश्नचिन्ह पुसायला कागदाकडे कोणी परत येत नाही. माणूस कर्करोगाने जातो, आणि कागद मात्र कायमचा संशयात.

कोणी म्हणेल, गेलेला माणूस तर गेला. नऊ लिहिले काय आणि एक लिहिले काय. मीही मामांच्या वेळी स्वतःची अशीच समजूत घातली होती. तिला उत्तर आहे, आणि ते कागदांनीच दिलेले आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू झपाट्याने वाढताना दिसू लागले. दिसू लागले, कारण ते लिहिले जात होते. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांच्या मुलाखती घेतल्या. कारण मोटारींचा धूर किंवा रस्त्यांवरचे डांबर असेल, असा डॉल यांचा आधीचा अंदाज होता. १९५० साली ७०९ कर्करोगी आणि तितकेच इतर रुग्ण यांची तुलना प्रसिद्ध झाली आणि बोट सिगारेटकडे वळले. डॉल यांनी अभ्यास पुरा होण्याआधीच धूम्रपान सोडले होते. या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्यांना आधी फुफ्फुसाचा कर्करोग आहे असे वाटले होते आणि नंतर ते निदान चुकीचे ठरले, त्यांच्या धूम्रपानाच्या सवयी पाहिल्या, तर त्या कर्करोग नसलेल्या रुग्णांसारख्याच निघाल्या. म्हणजे मुलाखत घेणाऱ्यांच्या मनातला ग्रह आकड्यांत शिरलेला नव्हता. ही खात्री मिळाली ती पहिले निदान आणि अखेरचे निदान अशी दोन्ही नीट लिहिलेली होती म्हणून. पुढे १९५१ पासून त्यांनी ब्रिटनमधल्या हजारो डॉक्टरांच्याच सवयी नोंदवून घेतल्या आणि पन्नास वर्षे त्यांचे मृत्यू मोजले. कशावरून? मृत्यूच्या कारणाच्या त्याच फॉर्मांवरून. आज पाकिटावर जो इशारा छापलेला असतो, त्याच्या मुळाशी असे हजारो अनोळखी डॉक्टरांनी खरेपणाने भरलेले कागद आहेत.

आपल्याकडेही ही परंपरा नाही असे नाही. मुंबईत १९६३ मध्ये कर्करोगाची लोकसंख्यानिहाय नोंदवही सुरू झाली, ती देशातली पहिली. आणि ग्रामीण भागातली देशातली पहिली नोंदवही कुठली, तर १९८७ मध्ये सुरू झालेली आमच्या बार्शीची! बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावोगावी तिची माणसे फिरत. अशा नोंदवह्यांत गाठीची जागा आणि पेशींचा प्रकार असे दोन्ही लिहितात. पेशींच्या क्रमांकापुढे तिरकी रेघ मारून ३ लिहिले तर रोग मूळ त्याच जागेचा, ६ लिहिले तर दुसरीकडून आलेला. एका आकड्यात केवढी गोष्ट!

मामा गेल्यावर काही महिन्यांनी असाच एक कार्यकर्ता वही घेऊन मामींच्या दारात आला. मी त्या दिवशी गावीच होतो. त्याने अदबीने विचारले, "आजी, मालक कशानं गेले?" मामेभाऊ आतून म्हणाला, "दम्यानं." मामी काही वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग उठल्या, ट्रंकेतून मुंबईचे डिस्चार्ज कार्ड काढून आणले आणि त्याच्या हातात दिले. "आता काय लपवायचं? माणूस तर गेला. लिहून घ्या बाबा. किती विड्या ओढायचे तेबी लिवा." न शिकलेल्या मामींना जे कळले, ते रेकॉर्ड रूममध्ये केस पांढरे झालेल्या मला कळून वळले नव्हते. नोंदवहीत मामांची एक ओळ खरी लागली, ती मामींमुळे.

धाकटीचे लग्न १९९७ मध्ये झाले. मुलाकडच्यांनी कसलाही कागद मागितला नाही. आणि मागितला असता तरी? इथे प्रत्येक घराने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा स्पष्ट सांगतो, की नोंदवहीतून दिल्या जाणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण उघड करायचे नाही. नगरपालिकेचा जो दाखला आपण बँकेत, पेन्शनसाठी, वारसासाठी दाखवतो, त्यावर नाव, तारीख, ठिकाण असते, कारण नसते. कारणाचा फॉर्म वेगळा, तो सरकारच्या हिशेबासाठी. म्हणजे मामेभाऊ ज्याला घाबरला ती भीती मुळातच नव्हती. हे मला तेव्हाही ठाऊक होते. एका वाक्यात सांगता आले असते. मी ते सांगितले नाही, ही माझी टोचणी.

आज परिस्थिती काय आहे? जगात २०२२ साली सर्वाधिक आढळलेला कर्करोग फुफ्फुसाचा होता. त्या एका वर्षात सुमारे २५ लाख नवे रुग्ण आणि सुमारे १८ लाख मृत्यू. आणि आपल्या देशात २०२० सालच्या सरकारी अहवालाप्रमाणे नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेले मृत्यू जेमतेम साडेबावीस टक्के. उरलेली माणसे कशाने गेली, ते वैद्यकीय कागद सांगत नाही. जी प्रमाणित झाली त्यांच्या कागदांवरही मामांसारखे किती, कोणी सांगावे? मग कोणत्या जिल्ह्यात किरणोपचाराचे यंत्र हवे, कुठे छातीचे डॉक्टर हवेत, हे ठरवायचे कशावर? 'अल्पशा आजारा'साठी कोणी यंत्र देत नाही.

जिवंत रुग्णासाठी तर हा प्रश्न त्याहून निकडीचा आहे. पूर्वी फुफ्फुसाचा कर्करोग म्हटले की एकच वाट दिसे. आता पेशींचा प्रकार कोणता, यावर उपचार ठरतो. लहान पेशींच्या रोगाचा उपचार निराळा, बाकीच्यांचा निराळा. अॅडिनो प्रकारच्या काही गाठींत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडतो आणि मग गोळ्यांनी उपचार करता येतो. जन्मात विडीला हात न लावलेल्या बायकांतही असे रुग्ण असतात. रुग्ण गाव बदलतो, डॉक्टर बदलतो, विम्याच्या किंवा सरकारी योजनेच्या खिडकीशी उभा राहतो, तेव्हा त्याच्यासाठी बोलतो तो त्याचा कागद. त्यावर नुसते 'सी ए लंग' असेल, तर तो कागद मुका.

संगणक आला म्हणजे हे सुधारेल असे मला निवृत्त होईपर्यंत वाटत होते. पण पडद्यावरच्या यादीतही 'जागा नमूद नाही' हा पर्याय असतोच, आणि दमलेल्या माणसाचे बोट तिथेच जाते. मी डॉक्टरांना दोष देऊन मोकळा होत नाही. एका पाळीत साठ-सत्तर रुग्ण पाहणाऱ्या निवासी डॉक्टरला रात्री दोन वाजता फॉर्म भरायला लावायचा आणि त्याने विहिरीच्या तळापर्यंत उतरावे अशी अपेक्षा करायची, हे सोपे नाही. पण रुग्णालये ठरवतील तर बायॉप्सीचा अहवाल आल्यावर जुने निदान सुधारण्याची जबाबदारी एका नेमक्या माणसावर टाकता येते. अपुरी ओळ आली तर रेकॉर्ड रूमच्या कारकुनाने कागद परत न्यावा आणि त्याला कोणी 'आला मोठा शहाणा' म्हणू नये, एवढी प्रतिष्ठा त्याला देता येते. त्याला पैसा लागत नाही.

आणि आपण घरच्यांनी काय करावे? २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आता रुग्णालयाने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवायचे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. ती प्रत मागून घ्या. वाचा. कळले नाही तर विचारा. दुःखाच्या त्या घटकेत हे सुचणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ते रविवारी सकाळी, घरात सगळे सुखरूप असताना सांगतो आहे. त्याहून महत्त्वाचे, डॉक्टरांना 'तसे लिहू नका' म्हणू नका. नात्यागोत्यात काय सांगायचे ते तुमचे तुम्ही सांगा.

ज्या धाकटीच्या लग्नासाठी तो कागद खोटा झाला, तिची मुलगी आज पुण्यात नोकरी करते. तिचे काम ऐकून मी चकित झालो. ती अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या केसपेपरांचे कोडिंग करते. तिकडच्या यादीत फुफ्फुस डावे की उजवे यासाठीही वेगळा आकडा लागतो आणि तो चुकला तर बिल परत येते. आपली मुले परक्या देशातल्या रुग्णाचा खंडन् खंड इतक्या काटेकोरपणे नोंदवतात, कारण तिथे त्या आकड्यावर पैसा अवलंबून आहे. आपल्या माणसाच्या आकड्यावर काय अवलंबून आहे, हे आपण अजून ओळखलेले नाही.

गेल्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा मी मामांचे जुने डिस्चार्ज कार्ड तिला दाखवले. तिने ते वाचले आणि सहज म्हणाली, "उजवं, वरचा खंड. सी ३४.११." मग विचारले, "मामा, आजोबांच्या मृत्यूच्या फॉर्मवर काय होतं?" मी सांगितले. ती जरा थांबून म्हणाली, "आमच्याकडे असं आलं तर आम्ही डॉक्टरांना परत विचारतो. तसंच पुढे पाठवत नाही."

मी म्हटले, "आम्हीही पाठवत नव्हतो, पोरी. एकदाच पाठवलं."